हातापायांची जाणीव हरवते तेव्हा: मज्जातंतूंच्या दुर्मीळ स्वयंप्रतिकार आजारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मज्जातंतूंच्या स्वयंप्रतिकार आजारांची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते त्या आजारांची, चर्चा बहुतेक वेळा शक्तीभोवती फिरते. हात वर जातो का, जिना चढता येतो का, मूठ घट्ट वळते का, एवढे विचारून झाले की तपासणी संपल्यासारखे वाटते. जाणिवेचा प्रश्न मागे पडतो, कारण हरवलेली जाणीव दुसऱ्याला दिसत नाही आणि ती शब्दांत सांगणे रुग्णालाही जड जाते. पुढील प्रश्नोत्तरे त्या मागे पडलेल्या बाजूबद्दल आहेत. ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: आजाराचे नाव महत्त्वाचे आहेच, पण बिघाड तंतूच्या नेमक्या कोणत्या जागी झाला आहे, यावर जाणीव परत येईल की नाही हे बरेचसे ठरते.

मुंग्या तर सगळ्यांनाच येतात. या आजारांतल्या मुंग्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या पाय मोकळा केला की दोन-चार मिनिटांत जातात. या आजारांतल्या मुंग्या बसण्या-उठण्यावर अवलंबून नसतात. त्या टिकतात, आठवड्यागणिक वर सरकतात किंवा नवीन जागा धरतात. त्यांच्यासोबत बधिरपणा असतो. पायाखाली कापूस किंवा गादी असल्याचा भास, मोजे काढले तरी घातल्यासारखे वाटणे, गुडघ्याखाली पट्टा आवळल्याची भावना अशा तक्रारी रुग्ण करतात. पुष्कळदा ते याला "पाय जड झाले" किंवा "पायात ताकद नाही" असे म्हणतात, आणि प्रत्यक्ष तपासणीत ताकद पूर्ण भरते. म्हणून "जड" या शब्दावर थांबू नये. त्याचा अर्थ अशक्तपणा आहे की बधिरपणा, हे विचारून घ्यावे लागते.

आपल्याकडच्या न्यूरोलॉजिस्टचा एक जुना प्रश्न इथे फार उपयोगी पडतो: "चप्पल पायातून निसटते का, आणि निसटल्याचे तुम्हाला कळते का?" चप्पल निसटते आणि निसटताना कळते, तर पंजा उचलणाऱ्या स्नायूंची शक्ती कमी झाल्याचा संशय येतो. चप्पल मागे राहिली, चार पावले पुढे गेल्यावर कोणीतरी हाक मारून सांगितले, तेव्हा खाली पाहिले, तर बिघाड जाणिवेत आहे. एवढ्या साध्या प्रश्नाने तपासणीची दिशा ठरते.

संवेदी मज्जातंतू म्हणजे नेमके कोणते?

मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणारे ते चालक तंतू आणि त्वचा, सांधे, स्नायू यांच्याकडून मेंदूकडे बातमी आणणारे ते संवेदी तंतू. संवेदी तंतूंतही जाड आणि बारीक असा भेद आहे. जाड तंतूंवर मायलिन या स्निग्ध थराचे आवरण असते. ते हलका स्पर्श, कंपन आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव वाहून नेतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर असतो. सर्वांत बारीक तंतूंवर हे आवरण नसते. वेदना आणि उष्णता यांची खबर ते सेकंदाला एखाद-दोन मीटर इतक्या संथपणे आणतात. ठेच लागली की आधी धक्का जाणवतो आणि कळ क्षणभराने येते, त्याचे कारण वेगातला हा फरक आहे.

या तंतूंच्या पेशींचे मुख्य भाग मणक्यांच्या बाजूला छोट्या गाठींत असतात. या गाठींना पश्चमूल गंडिका म्हणतात. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला तंतू कंबरेजवळच्या गंडिकेतल्या आपल्या पेशीपर्यंत जातो. म्हणजे एकाच पेशीचा हा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो.

शरीर आपल्याच मज्जातंतूंवर नेमका कुठे हल्ला करते?

ढोबळमानाने चार जागा आहेत, आणि पुढील बहुतेक उत्तरे या चार जागांवर उभी आहेत.

पहिली जागा मायलिनचे आवरण. सीआयडीपी या मज्जातंतूंच्या दीर्घकालीन दाहक आजारात हे आवरण ठिकठिकाणी झडते. तंतू आत जिवंत असतो, पण संदेश मंदावतो, विखुरतो किंवा अडतो.

दुसरी जागा आवरणाच्या दोन तुकड्यांमधील उघडी फट आणि तिच्या कडा. संदेश या फटींवरून उड्या मारत पुढे जातो. न्यूरोफॅसिन-१५५ किंवा कॉन्टॅक्टिन-१ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार झाली की आवरण शाबूत दिसूनही उडी चुकते. असे आजार पूर्वी सीआयडीपीतच धरले जात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते वेगळे काढले.

तिसरी जागा तंतूचा स्वतःचा धागा, म्हणजे ॲक्सॉन. तो तुटला की तुटीपलीकडचा भाग मरतो. तो पुन्हा वाढतो, परंतु अत्यंत सावकाश.

चौथी जागा गंडिकेतली पेशी. शरीरातल्या बहुतेक मज्जातंतूंना रक्तातील पदार्थांपासून राखणारा एक पडदा असतो, पण गंडिकांमधील रक्तवाहिन्या तुलनेने झिरपणाऱ्या असल्यामुळे तिथे प्रतिपिंडे आणि दाहक पेशी सहज पोहोचतात. पेशीच मेली तर तिचा त्वचेकडे जाणारा आणि मज्जारज्जूत शिरणारा असे दोन्ही फाटे जातात, आणि तिच्या जागी नवीन पेशी येत नाही.

शक्ती शाबूत आहे, तरी नीट चालता येत नाही. हे कसे शक्य आहे?

आपले हातपाय या क्षणी कुठे आहेत, ही बातमी मेंदूला अखंड लागते. ती थांबली की स्नायू बलवान असूनही हालचाल अंदाजाने होते. पाय जरुरीपेक्षा उंच उचलला जातो आणि जमिनीवर आपटतो, पावले फाकतात, नजर सतत खाली लागते. उजेडात डोळे ही उणीव भरून काढतात. अंधारात किंवा डोळे मिटल्यावर ती उघडी पडते. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना तोल गेला, ही तक्रार त्यामुळे अतिशय बोलकी आहे. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की आधाराला भिंत शोधावी लागते, असे अनेक जण आपण होऊन सांगत नाहीत. विचारले की लगेच आठवते. रोम्बर्ग चाचणी, म्हणजे पाय जुळवून उभे राहून डोळे मिटायला लावणे, ही याच अनुभवाची तपासणीच्या खोलीतली आवृत्ती आहे.

हातांचेही तसेच. डोळे मिटून हात पुढे धरले की बोटे नकळत सावकाश हलू लागतात. न पाहता खिशातून दहाचे नाणे काढणे, शर्टाचे वरचे बटण लावणे, निऱ्या चाचपून खोचणे, भाताचा घास कालवणे ही कामे आधी बिघडतात.

ब्रिटनमधील इयान वॉटरमन यांचे उदाहरण या बाबतीत वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तापाच्या आजारानंतर त्यांची मानेखालील स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव गेली. वेदना आणि तापमान मात्र कळत राहिले. स्नायूंत शक्ती होती, तरी सुरुवातीला त्यांना उठून बसताही येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून आणि मनाशी आखून करण्याचा सराव त्यांनी केला आणि ते चालू लागले. दिवे गेले की मात्र तोल सावरणे अशक्य होई. "ताकद आहे ना, मग चाला" असे घरातले एखादे माणूस म्हणते, तेव्हा त्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

सीआयडीपी म्हणजे शक्ती जाण्याचा आजार ना? मला फक्त बधिरपणा आहे, तरी तेच निदान कसे?

नेहमीच्या सीआयडीपीमध्ये हातापायांची शक्ती आणि जाणीव दोन्ही कमी होतात. बिघाड दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि आठ आठवड्यांहून अधिक काळ वाढत राहतो. या आजाराला हे रूप आणि नाव १९७५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. पीटर डाइक आणि त्यांचे सहकारी यांच्या लिखाणातून मिळाले. मात्र त्याचे काही उपप्रकार आहेत, आणि त्यांपैकी एक संवेदी सीआयडीपी आहे. त्यात रुग्णाला अशक्तपणा जाणवत नाही; बधिरपणा, तोल जाणे आणि मुंग्या हेच चित्र असते. विजेच्या तपासणीत (एनसीव्ही) चालक तंतूंमध्येही बिघाड सापडला, तर त्याला संवेदीप्रधान सीआयडीपी म्हणतात, आणि अशा व्यक्तीला पुढे अशक्तपणा येण्याची शक्यता खरी असते.

जाणिवेच्या पलीकडे एक वस्तुनिष्ठ खूण आहे: गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडी मारल्यावर येणारा झटका. तो उमटण्यासाठी आधी जाड संवेदी तंतूंनी खबर वेळेवर आणि एकदम पोचवावी लागते. आवरण झडलेल्या तंतूंतून ती विस्कळीत पोचते आणि झटका नाहीसा होतो. शक्ती पूर्ण असताना चारही अवयवांतील झटके गेलेले असतील, तर "काही नाही, टेन्शन आहे" या शेऱ्यावर समाधान मानू नये.

माझे निदान एमएमएन आहे. हा फक्त चालक तंतूंचा आजार म्हणतात, पण मला मुंग्याही येतात. मग निदान चुकले का?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याच्या उत्तरावर उपचार बदलू शकतात. एमएमएन, म्हणजे ठिकठिकाणच्या चालक तंतूंना ग्रासणारा आजार, १९८०च्या दशकात स्वतंत्र म्हणून ओळखला गेला. त्यात बहुधा एका हाताचा पंजा लुळा पडतो किंवा बोटे सरळ होत नाहीत, आणि तपासणीत त्याच मज्जातंतूमध्ये चालक संदेश एका ठिकाणी अडलेला आढळतो. नवलाची गोष्ट अशी की त्याच ठिकाणाहून त्याच दोरीतले संवेदी तंतू निर्वेध पार जातात. जीएम-१ या स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे अनेक रुग्णांत सापडतात.

अधूनमधून येणाऱ्या मुंग्यांमुळे हे निदान रद्द होत नाही. पायांत कंपनाची जाणीव किंचित कमी असणेही निदानाच्या निकषांत बसते, आणि अनेक वर्षे आजार असलेल्या काहींच्या संवेदी तपासणीत थोडी घट आढळते. परंतु दुबळ्या हातावरच स्पर्श स्पष्ट कमी असेल आणि विजेच्या तपासणीतही तसे दिसत असेल, तर सीआयडीपीच्या बहुस्थानी प्रकाराचा विचार करावा लागतो. १९८२ मध्ये लुईस आणि सम्नर यांनी त्याचे वर्णन केले. त्या प्रकारात स्टेरॉइडचा उपयोग होऊ शकतो; एमएमएनमध्ये स्टेरॉइडमुळे आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्यामुळे शक्ती आणखी कमी झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मुंग्यांची तक्रार डॉक्टरांपासून लपवू नये. कोणत्या बोटात, केव्हापासून आणि किती वेळ, हे सांगावे.

एनसीव्हीचा अहवाल नॉर्मल आला. मग मला काही झालेलेच नाही का?

असा निष्कर्ष काढणे चूक आहे. एनसीव्ही ही मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी विजेची तपासणी जाड तंतूंची आणि बहुतांशी कोपर-मनगट, गुडघा-घोटा या पट्ट्यातली असते. बारीक तंतू तिला दिसत नाहीत. जळजळ, आग आणि सुया टोचल्यासारखी वेदना असलेल्या रुग्णाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. तिथे घोट्याच्या साधारण १० सेंटिमीटर वरून ३ मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले बारीक तंतू मोजता येतात.

दुसरी शक्यता अधिक गुंतागुंतीची आहे. बिघाड गंडिका आणि मज्जारज्जू यांच्या मधल्या मुळात असेल, तर त्वचेकडचा धागा आपल्या पेशीला जोडलेलाच राहतो. तपासणीत तो ठणठणीत दिसतो आणि रुग्ण मात्र भिंतीला धरून चालतो. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा एक गट नोंदवला. अशा वेळी मेंदूपर्यंत संदेश पोचण्याचा वेळ मोजणारी चाचणी, कमरेतून काढलेल्या पाण्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि मुळे जाड झाली आहेत का हे दाखवणारा एमआरआय यांनी कोडे सुटते. हे रुग्ण योग्य उपचारांनी बरेच सुधारू शकतात, म्हणून नॉर्मल अहवालावर फाइल बंद होणे अधिक खटकते.

याउलट, अहवालातली एक ओळ जपून वाचण्यासारखी असते. मधुमेहात पायाच्या घोट्यामागचा स्यूरल मज्जातंतू सहसा आधी मंदावतो, कारण तिथे लांबलचक तंतूंची टोके आधी बाधित होतात. जीबीएस (गिलियन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा अचानक येणारा स्वयंप्रतिकार आजार) आणि सीआयडीपीमध्ये हाताचा संवेदी तंतू बिघडलेला आणि स्यूरल मात्र सुरक्षित, असे उलटे चित्र दिसू शकते.

बधिरपणा पायांपासून सुरू न होता चेहऱ्यावर, डोक्यावर किंवा पोटावर सुरू झाला. याचा अर्थ काय?

सामान्य न्यूरोपॅथीत, म्हणजे मज्जातंतूंच्या नेहमीच्या बिघाडात, बधिरपणा पायांच्या बोटांतून गुडघ्यापर्यंत चढतो आणि मग हाताच्या बोटांत येतो. गंडिकांच्या आजारात मात्र तंतूच्या लांबीला महत्त्व नसते. एका हाताची बोटे, मग गालाचा भाग, मग विरुद्ध पाय, असा विस्कळीत नकाशा तयार होतो. अनेकदा हात पायांच्या बरोबरीने किंवा आधी बाधित होतात आणि शक्ती पूर्ण राहते.

अशा वेळी पहिला शोध जोग्रेन आजाराचा घ्यावा लागतो. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक जोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यात अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींना सूज येऊन डोळे आणि तोंड कोरडे पडते. रुग्ण मात्र मज्जातंतूच्या डॉक्टरांना डोळ्यांबद्दल सांगत नाही, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना पायांबद्दल सांगत नाही. भाकरी घशाखाली उतरवायला प्रत्येक घासाला पाणी लागते का, हा एक घरगुती प्रश्न दोन्ही तक्रारींची गाठ घालू शकतो. रक्तातील एसएस-ए प्रतिपिंडे, अश्रूंचे मोजमाप आणि गरज पडल्यास ओठाच्या आतल्या छोट्या लाळग्रंथीचा तुकडा यांवरून निदान पक्के होते.

डॉक्टरांनी छातीचा स्कॅन का सांगितला? तक्रार तर बधिरपणाची आहे.

कारण काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारा, वेदनामय आणि विस्कळीत बधिरपणा हे कधी कधी दडलेल्या कर्करोगाचे, विशेषतः फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगाचे, पहिले लक्षण असते. गाठीविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती गंडिकेतल्या पेशींवरही उलटते. डेनी-ब्राउन यांनी १९४८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले होते. आज रक्तातील अँटी-हू प्रतिपिंडांवरून त्याचा माग काढता येतो. गाठ सापडण्याच्या कित्येक महिने आधी बधिरपणा येऊ शकतो, त्यामुळे पहिला स्कॅन स्वच्छ आला तरी तो ठरावीक अंतराने पुन्हा करावा लागतो. प्रत्येक बधिर पायाला हा धाक घालण्याचे कारण नाही. झपाटा, वेदना आणि धूम्रपानाचा इतिहास पाहून डॉक्टर हे ठरवतात.

रक्तात "एम बँड" सापडला. त्याचा जाणिवेशी काय संबंध?

उतारवयात, पुरुषांत अधिक, काही वर्षांत अतिशय सावकाश वाढणारा पायांचा बधिरपणा, डगमगती चाल आणि हातांना कंप असे चित्र असेल, तर मायलिनशी निगडित एमएजी या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा शोध घेतला जातो. रक्तातील एकाच घराण्याच्या पेशींनी बनवलेले आयजीएम प्रथिन, म्हणजेच अहवालातला एम बँड, हा त्याचा उगम असतो. या आजारात आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी, दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) आणि स्टेरॉइड यांचा उपयोग बेताचाच होतो. काहींना रिटुक्सिमॅब या औषधाने फायदा होतो. म्हणजे वर्षभर सीआयडीपी समजून महागडे उपचार झाले आणि एम बँडची साधी तपासणी राहून गेली, असे होता कामा नये.

२०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले होते. जीबीएस आणि सीआयडीपी हा एकच आजार का?

नाही, पण नात्यातला आहे. जीबीएस अचानक येतो आणि त्याची लक्षणे चार आठवड्यांच्या आत कळसाला पोहोचतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत रुग्ण एकाएकी वाढले, संशयित रुग्णांची संख्या पुढे २०० च्या वर गेली आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू मज्जातंतूवरील रेणूंसारखेच असतात, त्यामुळे जुलाब थांबल्यावर प्रतिकारशक्ती चुकीच्या दारावर थाप मारते. कॅम्पिलोबॅक्टरनंतरच्या जीबीएसमध्ये चालक तंतूंचा ॲक्सॉन बाधित होण्याकडे कल असतो आणि जाणीव बरीच वाचते.

दोन्ही आजारांची गल्लत वेगळ्या ठिकाणी होते. जीबीएस म्हणून निदान झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांत पुढे तो अचानक सुरू झालेला सीआयडीपी असल्याचे कळते. आठ आठवड्यांनंतरही आजार वाढत असेल किंवा तीन वेळा वा अधिक उलटला असेल, तर निदान पुन्हा तपासावे.

हा मधुमेहाचा, बी-१२चा किंवा कुष्ठरोगाचा बधिरपणा तर नसेल?

असू शकतो, आणि आधी तेच पाहावे. सीआयडीपी लाखात साधारण १ ते ९ जणांत आढळतो; मधुमेह आणि बी-१२ची कमतरता गल्लोगल्ली आहेत. शाकाहारी आहार आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा दीर्घ वापर यांत बी-१२ कमी पडते आणि जाड तंतूंबरोबर मज्जारज्जूही बाधित होतो. कुष्ठरोगात त्वचेवर बधिर चट्टा असतो, कोपरामागची नस जाड आणि दुखरी लागते, आणि झटके बहुधा शाबूत राहतात. सीआयडीपीमध्ये झटके लवकर जातात. भारतात बधिर हाताची तपासणी करताना बाहीखालची त्वचा उजेडात न पाहणे ही चूक आहे, असे आम्हाला वाटते.

उपचार कोणते आहेत आणि किती खर्चाचे?

सीआयडीपीमध्ये स्टेरॉइड, आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा बदलणे हे तीन सिद्ध मार्ग आहेत. आयव्हीआयजी सुरुवातीला वजनाच्या प्रत्येक किलोला २ ग्रॅम या हिशोबाने २ ते ५ दिवसांत देतात. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ कुप्या लागतात, आणि पुढे दर काही आठवड्यांनी कमी मात्रेत पुन्हा द्यावी लागते. बिल लाखांत जाते, म्हणून विमा कंपनीशी आणि शासकीय योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राशी बोलणे भरती होण्यापूर्वी करावे. कोणता खर्च बसतो हे लेखी घ्यावे.

स्टेरॉइड स्वस्त आहे, पण साखर, रक्तदाब, हाडे आणि डोळे यांची किंमत वसूल करते. ते सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची आणि रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी आवश्यक आहे. न्यूरोफॅसिनविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्यांना आयव्हीआयजीचा उपयोग सहसा कमी होतो आणि रिटुक्सिमॅब बहुधा कामी येते. एफगार्टिगिमॉड हे रक्तातील प्रतिपिंडे लवकर नष्ट होऊ देणारे औषध अमेरिकेत जून २०२४ मध्ये सीआयडीपीसाठी मान्य झाले. गंडिकांच्या आजारात उपचारांचे यश सर्वांत कमी आहे, आणि जे मिळते ते पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू केल्यावर मिळते.

गेलेली जाणीव परत येते का?

वर सांगितलेल्या चार जागांवर हे अवलंबून आहे. आवरण झडले असेल तर काही आठवडे ते महिन्यांत पुन्हा बनते. ॲक्सॉन तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे मीटरभर अंतर कापायला या हिशोबाने जवळजवळ तीन वर्षे लागतात, आणि प्रत्येक धागा पल्ला गाठतोच असे नाही. गंडिकेतली पेशी गेली तर ती जाणीव परत येत नाही. तिथे उपचाराचे ध्येय उरलेले वाचवणे हे असते.

एक गोष्ट घाबरवणारी, पण पुष्कळदा चांगली असते. पूर्ण बधिर भागात सुधारणा होताना आधी झिणझिण्या आणि आग वाढते. याला आजार उलटल्याचे समजून काही जण औषध बंद करतात. कंपनाच्या काट्याने (ट्यूनिंग फोर्क) होणारी तपासणी अशा वेळी निवाडा देते. १२८ हर्ट्झचा काटा अंगठ्याच्या हाडावर टेकवून डॉक्टर म्हणतात, "थांबले की सांगा." मागच्या भेटीत चार सेकंदांत थांबलेले कंपन या वेळी नऊ सेकंद कळले, तर जळजळ असूनही तंतू परतत आहेत.

मेडिकलमधून "नसांच्या गोळ्या" घेत राहिलो तर काय बिघडते?

अशा गोळ्यांत बहुधा बी-गटातली जीवनसत्त्वे असतात, आणि त्यांतले बी-६ जास्त झाले तर ते स्वतःच गंडिकेतल्या पेशींना मारते. दिवसाला २ ते ६ ग्रॅम घेणाऱ्या रुग्णांची जाणीव गेल्याचे १९८३ मध्ये नोंदवले गेले. त्यानंतर दीर्घकाळ घेतलेल्या याहून बऱ्याच कमी मात्रेनेही त्रास झाल्याची उदाहरणे आली. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच जीवनसत्त्व दुप्पट जात असते, हे पाकिटामागचा मजकूर वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. बधिरपणावर घ्यायची गोळी बधिरपणा वाढवू शकते, ही या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे वेगळी: ती वेदना कमी करतात, आजाराला हात लावत नाहीत, आणि झोप आणून तोल आणखी बिघडवू शकतात.

घरात कोणती काळजी घ्यावी?

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा चालू ठेवावा. ज्याचे पाय डोळ्यांवर चालतात त्याच्यासाठी तो काठीइतकाच आधार आहे. बेसिनशेजारी भिंतीला पकडायची दांडी बसवावी, किंवा तोंड बसून धुवावे. बादलीतले पाणी पायाने न पाहता कोपराने पाहावे आणि कोपरही बधिर असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहू द्यावे. शेकण्याची गरम पिशवी बधिर पायावर ठेवू नये. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा नाही ना हे पाहावे. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने तळव्यांना फोड येऊन ते घरी आल्यावर मोज्याला लागलेल्या पाण्यावरून कळले, असे होऊ शकते. प्रदक्षिणेला मोजे घालून जावे किंवा ऊन उतरल्यावर जावे. दुचाकी चालवताना ब्रेकवर पाय आहे की नाही हे न पाहता कळत नसेल, तर वाहन बंद ठेवावे.

हा आजार मुलांना लागेल का?

नाही. तो संसर्गजन्य नाही आणि सहसा वारशाने येत नाही. मात्र घरात आणखी कोणाचे तळपाय कमानदार, पोटऱ्या बारीक आणि चाल लटपटती असेल तर ते जरूर सांगावे, कारण आनुवंशिक न्यूरोपॅथी सीआयडीपीचे सोंग घेऊ शकते.

किती तातडीने रुग्णालय गाठावे?

बधिरपणा किंवा अशक्तपणा काही दिवसांत वर चढत असेल, गिळताना ठसका लागत असेल, एका श्वासात वीसपर्यंत आकडे मोजता येत नसतील किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे आणि छाती-पोटाभोवती एका ठरावीक रेषेखाली सगळे बधिर होणे ही मज्जारज्जूच्या बिघाडाची चिन्हे आहेत. त्यांनाही तेवढीच घाई लागू आहे. काही महिन्यांत हळूहळू वाढलेल्या तक्रारीसाठी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेऊन जावे, आणि जाताना जुने एनसीव्ही अहवाल आलेखांसह, चालू गोळ्यांची पाकिटे आणि बधिर भाग पेनने रंगवलेले हातापायांचे एक साधे चित्र, खाली तारीख घालून, सोबत न्यावे.